दृश्यरूपकावरून इलस्ट्रेशन: वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'दृश्यरूपकावर आधारित इलस्ट्रेशन' ही असाइनमेंट दिली की पुढचे काही दिवस तेच तेच प्रश्न येत राहतात. काही वर्गात, काही जिन्यात गाठून, काही रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. उत्तरं लिहिताना उपयोजित कलेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं डोळ्यांसमोर होती. फाउंडेशन आणि एटीडी (कलाशिक्षक पदविका) करणाऱ्यांनाही ती चालतील. शाळेतल्या कलाशिक्षकांसाठी शेवटाकडे एक वेगळा प्रश्न आहे.

दृश्यरूपक म्हणजे नेमकं काय?

बोलायचं एका गोष्टीबद्दल आणि काढायची दुसरी, पण अशी काढायची की बघणाऱ्याला दोन्ही एकदम दिसल्या पाहिजेत. व्याख्येपेक्षा एक चित्र बघा. दुसऱ्या महायुद्धात एब्रम गेम्स हा ब्रिटिश वॉर ऑफिससाठी पोस्टरं करायचा. १९४२ सालचं त्याचं एक पोस्टर सैनिकांना बजावतं की सैन्यातल्या गोष्टी बाहेर बडबडू नका, तुमच्याच साथीदारांचा जीव जाईल. चित्रात एका सैनिकाच्या तोंडातून गोल गोल फिरत एक वलय बाहेर पडतं. ते मोठं होत होत संगिनीच्या पात्यासारखं टोकदार होतं आणि तीन सैनिकांच्या आरपार जातं.

आता त्या वलयाकडे नीट बघा. ते तोंडापाशी आवाज आहे आणि टोकाशी शस्त्र. कुठे आवाज संपला आणि कुठे पातं सुरू झालं, यावर बोट ठेवता येत नाही. आम्ही वर्गात याला 'सांधा' म्हणतो. या पानावर तो शब्द पुष्कळदा येईल, कारण असाइनमेंटचे निम्मे गुण त्यातच असतात.

प्रतीक आणि रूपक यांत फरक काय? कबुतर काढलं तर ते रूपकच ना?

नाही. कबुतर म्हणजे शांती, तराजू म्हणजे न्याय, हे आधीच ठरलेलं आहे. बघणारा ते पाठ करून आलेला असतो. तुम्ही नुसती आठवण करून देता. रूपक त्या एका चित्रापुरतं जन्माला येतं. 'बडबड म्हणजे संगीन' असं गेम्सच्या पोस्टरआधी कुणाला कुणी शिकवलं नव्हतं, तरी बघताक्षणी कळतं.

प्रतीकं वापरायचीच नाहीत असं नाही. पण चित्र केवळ प्रतीकांवर उभं राहिलं तर ते फलकलेखन होतं.

विषय मिळाला आहे, पण डोक्यात काहीच येत नाही. सुरुवात कुठून करू?

क्रियापदांपासून. बहुतेक मुलं नामांपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. विषय 'शिक्षण' असला की पुस्तक, पेन, पदवीची टोपी, शाळेची घंटा अशी यादी होते. यादीतल्या वस्तू पानावर मांडल्या की होतो कोलाज. रूपक त्यातून निघत नाही.

त्याऐवजी कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला विषयातली माणसं काय काय *करतात*, ते लिहा: थांबतात, लपवतात, घासाघीस करतात, मोजतात, झेलतात, टाळतात. मग यातलं एकच क्रियापद निवडा आणि उजव्या बाजूला, हीच क्रिया जगात आणखी कुठे कुठे होते, ते लिहा. मोजणं: रेशनवर, काट्यावर, रुग्णालयात नाडी बघताना, कंडक्टरच्या बॅगेत, शिंप्याच्या टेपने. उजवी बाजू पान भरेपर्यंत लिहायची. पहिल्या पाच-सहा ओळी कुणालाही सुचतात, त्या सोडून द्या. कामाची गोष्ट बहुधा पानाच्या खालच्या अर्ध्यात सापडते, जिथे तुम्ही कंटाळलेले असता.

आणखी एक युक्ती: क्रियेची दिशा उलटी करून बघा. जपानी डिझायनर शिगेओ फुकुदा याचं १९७५ सालचं 'व्हिक्टरी १९४५' हे पोस्टर त्यासाठी पाहण्यासारखं आहे. पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर तोफेची काळी नळी, आणि गोळा बाहेर पडण्याऐवजी नळीच्या तोंडाकडे परत चाललेला. बाकी काही नाही. तोफ काढली, गोळा काढला, फक्त गोळ्याचं टोक फिरवलं आणि युद्धाबद्दल जे म्हणायचं ते म्हणून झालं.

बल्ब, शिडी, बेड्या, भेगाळलेली जमीन यांना नकार का मिळतो? सगळ्यांना पटकन कळतात की.

कळतात म्हणूनच. बघणारा चित्र न बघता पुढे जातो. पाणीटंचाईवर भेगाळलेली जमीन आणि नळाला लटकलेला एक थेंब, मोबाईलवर पिंजऱ्यातला मुलगा, प्रदूषणावर तोंडात थर्मामीटर धरलेली पृथ्वी... प्रत्येक बॅचला ही चित्रं येतात आणि हात कितीही चांगला असला तरी एका बॅचचं चित्र दुसऱ्या बॅचच्या चित्रापासून वेगळं काढता येत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्राचे ठरावीक विषय घोटून घोटून हात बसतो, त्याचा इथे थोडा त्रास होतो. तिथे 'बाजार' म्हटलं की छत्र्या, भाजीवाली, पिशवी घेतलेला माणूस. सगळं जागच्या जागी आलं की काम झालं. इथे तसं नाही. इथे बाजार कशासारखा आहे, हे तुम्हाला ठरवायचं आहे.

झिजलेली प्रतिमा वापरायचीच असेल तर ती मोडून वापरा. शिडी घ्या, पण मग तिच्या पायऱ्या कुणीतरी सरपणासाठी काढून नेत असू दे. म्हणजे शिडीत काहीतरी घडेल.

वाक्प्रचारावरून चित्र काढलं तर चालेल का?

हा मोह सगळ्यांना होतो आणि मराठीत तर खजिनाच आहे. पण 'महागाईने कंबर मोडली' यावर कमरेतून दुमडलेला माणूस काढला, किंवा 'हातावर पोट' म्हणून तळहातावर पोट काढलं, तर ते शब्दांचं चित्र झालं, विषयाचं नाही. बघणारा वाक्प्रचार ओळखतो, हसतो आणि विसरतो. विनोदी चित्रासाठी तेवढं पुरतं. रूपकाच्या असाइनमेंटला नाही.

वाक्प्रचार कामाला येतो तो अर्धाच घेतला तर. 'डोंगर पोखरून उंदीर काढणे' यातला उंदीर ठेवा आणि डोंगराच्या जागी तुमच्या विषयातली गोष्ट आणा, समजा चौकशी समितीच्या फायलींचा ढीग. आता एक बाजू म्हणीची आणि एक बाजू विषयाची झाली. पुढचा प्रश्न चित्रकाराचा: ढीग डोंगरासारखा दिसेल कसा? फायलींच्या लाल फिती पायवाटेसारख्या वळवता येतील का? इथून खरं काम सुरू होतं.

दोन गोष्टी एका चित्रात आणायच्या कशा?

ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

पहिला शेजाराचा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी पूर्ण दिसतात, पण शेजारी ठेवल्यामुळे अर्थ पेटतो. शि. द. फडणीसांचं ते गाजलेलं मुखपृष्ठ आठवा: तरुणीच्या साडीवर मांजरं आणि तरुणाच्या शर्टावर उंदीर. माणसं माणसंच राहिली, कापडाच्या नक्षीने त्यांच्यातलं नातं सांगून टाकलं. एक शब्दही लागला नाही.

दुसरा बदलीचा. नेहमीच्या दृश्यातली एकच वस्तू काढून तिच्या जागी परकी वस्तू बसवायची. जेवणाचं ताट, वाटी, पेला सगळं जसंच्या तसं, फक्त भाकरीच्या जागी सातबाऱ्याचा उतारा. बाकीचं दृश्य जितकं साधं आणि खरं, तितकी ती एक वस्तू बोचते. म्हणून इथे ताट-वाटी मन लावून काढावी लागते. तीच ढिली पडली तर बदलीचा धक्का बसत नाही.

तिसरा मिलाफाचा, म्हणजे दोन आकार एकमेकांत वितळवायचे. सगळ्यात अवघड आणि सगळ्यात समाधान देणारा. गेम्सचंच दुसरं पोस्टर आहे, परसात भाजी पिकवा म्हणजे अन्न आणायला जहाजं लागणार नाहीत, असं सांगणारं. त्यात फावडं आणि जहाज एकाच आकारात जोडले आहेत. हे जमतं कारण पात्याची कड आणि जहाजाच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, कड मुळातच एकमेकींसारख्या आहेत.

मिलाफाचा सराव कसा करायचा, यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. पॅरिसमध्ये 'ला कारिकात्यूर' नावाचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक चालवणारा चार्ल्स फिलिपाँ याच्यावर १८३१ साली राजा लुई फिलिपची टवाळी केल्याबद्दल खटला भरला गेला. त्याने बचावासाठी चार चित्रं काढली. पहिल्यात राजाचा चेहरा, गालफडं जड, कपाळाकडे निमुळता, डोक्यावर केसांचा झुबका. दुसऱ्यात तोच थोडा ओघळलेला. तिसऱ्यात आणखी. चौथ्यात निव्वळ नासपती, वर देठ-पानं. त्याचं म्हणणं असं की पहिलं चित्र राजासारखं दिसतं म्हणून गुन्हा असेल, तर दुसरं पहिल्यासारखं, तिसरं दुसऱ्यासारखं आणि चौथं तिसऱ्यासारखं दिसतं. मग देशातल्या सगळ्या नासपतींवरच खटले भरा. शिक्षा झालीच, सहा महिने कैद आणि दंड. पण पुढे पॅरिसच्या भिंतींवर लोक नासपती रेखाटू लागले आणि पाहणारा प्रत्येक जण राजा ओळखू लागला.

तुमच्या दोन गोष्टी घ्या आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत असेच चार टप्पे काढा. बहुतेक वेळा हवं ते चित्र दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात सापडतं, जिथे दोन्ही गोष्टी अजून जिवंत असतात.

थंबनेल (कल्पनेची छोटी कच्ची रेखाटनं) केवढे आणि किती काढायचे?

काड्यापेटीएवढे. किती, याचा आकडा सांगितला की मुलं तेवढेच काढतात, म्हणून सांगत नाही. बॉलपेनने काढा, खोडरबर दूर ठेवा. गेम्स स्वतः लहान आकारातच विचार करायचा. कल्पना इंचभर उंचीत चालली नाही तर मोठी करूनही चालत नाही, असं तो मानायचा. थंबनेल भिंतीवर चिकटवा, चार पावलं मागे जा, डोळे बारीक करा. काळ्या-पांढऱ्याचे दोन-तीन ठोकळे उरतील. त्या ठोकळ्यांत सांधा दिसत नसेल तर नुसत्या तपशिलाने तो येणार नाही.

विषयापासून पूर्ण चित्रापर्यंतचा एक प्रवास दाखवाल का?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण हा विषय घेऊ. पुण्यातल्या सदाशिव पेठ, नारायण पेठेतल्या अभ्यासिका पाहिलेल्यांना तो परका नाही.

नामांची यादी केली असती तर पुस्तकांचा डोंगर, त्यावर लाल दिव्याची गाडी आणि खाली घामाघूम मुलगा, असं काहीतरी झालं असतं. क्रियापदांत काय येतं? वाचतो, घरी फोनवर तारखा सांगतो, डबा लावतो, वयाची मर्यादा मोजतो, जाहिरातीची वाट बघतो, निकालाची वाट बघतो. 'वाट बघतो' दोनदा आलं, तेच घेऊ.

जगात वाट कुठे कुठे बघतात? दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, गळ टाकून नदीकाठी, एसटीच्या थांब्यावर. आता प्रत्येक जागेला एक प्रश्न विचारायचा: इथली वाट आपल्या मुलाच्या वाटेसारखी आहे का? दवाखान्यात नंबर उशिरा का होईना लागतोच. रेशनची रांग पुढे सरकताना दिसते. गळ टाकून बसलेला कंटाळला तर घरी जातो, कुणी विचारत नाही. एसटीच्या थांब्यावरची गोष्ट वेगळी. गाडी येणार आहे असं सगळे म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही, आणि उठून निघावं तर भीती वाटते की आपण वळलो आणि तेवढ्यात आली तर? तीन-चार वर्षं घालवलेला मुलगा पुण्यातून गावी परत का जात नाही, याचं उत्तर त्या भीतीत आहे. म्हणून थांबा. हे 'म्हणून' तुमच्या वहीत लिहिलेलं सापडलं पाहिजे.

पुढे आकार. अभ्यासिका आणि थांबा यांत दिसायला सारखं काय आहे? पहिल्यांदा सुचतो दिवा: टेबलावरचा दिवा वाढवून रस्त्यावरचा खांब करायचा. चांगलं आहे, पण ती कारागिरी डोळ्यांत भरते आणि मुलगा मागे पडतो. मग लक्षात येतं की अभ्यासिकेतलं टेबल तीन बाजूंनी फळ्यांनी बंद असतं आणि गावाबाहेरची एसटीची शेडही तीन भिंतींचीच असते, चौथी बाजू रस्त्याकडे उघडी. हा सांधा. फळ्या थोड्या उंच केल्या, वर सिमेंटचा पत्रा टाकला, आतला कप्पा तसाच ठेवला, की अभ्यासिकेची शेड होते. आत मुलगा, टेबल, पुस्तकं. बाहेर रिकामा डांबरी रस्ता.

एसटी काढायची की नाही यावर वर्गात हमखास वाद होतो. माझं मत: नाही. लांब क्षितिजावर एवढीशी जरी काढली तरी वाट बघणं संपलं, चित्र आशेचं झालं.

आता मुलगा काय करतो? पुस्तकात डोकं घातलेला काढला तर तो फक्त अभ्यासू. रस्त्याकडे टक लावलेला काढला तर फक्त प्रवासी. दोन्ही हवेत. उजव्या हाताचं बोट पुस्तकाच्या पानात खूण म्हणून अडकवलेलं आणि मान रस्त्याकडे वळलेली. आवाज आला म्हणून नुकतंच वर बघितलंय असं. ही एक हालचाल अख्खं चित्र उचलते. म्हणून हात आणि मान यांचे वेगळे अभ्यास करा. मित्राला टेबलाशी बसवा, मागून हाक मारा आणि तो कसा वळतो ते टिपा.

काळ किती गेला, हे दाखवायला घड्याळ आणि कॅलेंडर पहिल्यांदा सुचतात. दोन्ही काढून टाका. खुर्चीच्या पायांशी गवत वाढू द्या. दोन बोटं उंच, एका पायाला वेढलेलं. बघणाऱ्याला ते उशिरा दिसलं तरी हरकत नाही, उलट उशिराच दिसावं. रस्त्याकडेच्या गवताला तिथे असण्याचा हक्क आहे, अभ्यासिकेच्या खुर्चीखाली नाही. म्हणजे सांधा इथेही पक्का होतो.

रंग दोनच: संध्याकाळचा निळसर करडा आणि कप्प्यातल्या दिव्याचा पिवळा. पिवळा फक्त पुस्तकावर आणि बोटावर. नजरेची रेषा रस्त्याच्या उंचीला, जवळजवळ जमिनीलगत, म्हणजे रस्ता कागदाचा मोठा भाग खाईल. शेड उजव्या तिसऱ्या भागात, लहान. थांब्याच्या पाटीवर अक्षरं? 'विनंती थांबा' लिहायचा मोह होईल. खरंय, शब्दांत गंमत आहे. पण पाटी कोरी ठेवून बघा, मग ठरवा.

एका चित्रात किती रूपकं चालतात?

एक. इटालियन चित्रकार आर्चिम्बोल्दोने १५९१ च्या सुमारास सम्राट रुडॉल्फ दुसरा याचं चित्र फळं, भाज्या, फुलं रचून केलं. नाक नासपतीचं, गाल सफरचंदांचे, कणसं, द्राक्षं, काय नाही त्यात! तरी रूपक एकच: राजा म्हणजे ऋतूंचा देव, त्याच्या राज्यात बारमाही सुगी. शंभर वस्तू चालतील, पण त्या सगळ्या एकाच गोष्टीची री ओढत असल्या पाहिजेत.

चित्रात शब्द लिहिले तर गुण कापता का?

शब्द चित्राचं काम करत असतील तर कापतो. 'भ्रष्टाचार' असं पोटावर लिहिलेला साप म्हणजे चित्रकाराने हात टेकले.

पण सरसकट बंदी नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७५४ साली 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये छापलेला तुकडे झालेला साप पाहा. आठ तुकडे, प्रत्येकापाशी अमेरिकेतल्या वसाहतींची आद्याक्षरं, खाली 'एकत्र या, नाहीतर मरा' अशा अर्थाचे शब्द. कुठला तुकडा कुठली वसाहत, हे आकारावरून कळणं शक्यच नव्हतं, म्हणून अक्षरं लागली. शिवाय त्या काळी तिकडे अशी समजूत होती की तुटलेल्या सापाचे तुकडे सूर्यास्ताआधी जोडले तर तो पुन्हा जिवंत होतो. ती माहीत असलेल्या वाचकाला तुकड्यांत नुसतं मरण दिसत नव्हतं, घाई दिसत होती.

म्हणजे रूपक कळायला बघणाऱ्याची संस्कृती माहीत हवी?

हवीच. घुबडाचं उदाहरण घ्या. परदेशी चित्रं पाहून मुलं 'ज्ञान' या विषयावर चष्मा लावलेलं घुबड काढतात. आपल्याकडे गावातल्या आजीला ते दाखवा. तिला ज्ञान दिसणार नाही, तिला अपशकुन दिसेल. कावळा, पाल, मांजर आडवं जाणं, पांढरं लुगडं, हिरव्या बांगड्या: या सगळ्यांचे आपल्याकडचे अर्थ घट्ट आहेत आणि ते तुमच्या बाजूने कामाला लावता येतात. मुद्दाम विरुद्ध वापरायचे असतील तर तेही करा, फक्त माहीत असून करा.

तपासायचं कसं? कॉलेजबाहेरच्या कुणालातरी दाखवा: टपरीवाला, वॉचमन, रूममेट. 'कळलं का?' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'काय दिसतंय?' असं विचारा आणि गप्प बसा. समजावून सांगायची वेळ आली तर चित्राकडे परत जा.

शेतकरी आत्महत्येसारखा विषय घेऊ का?

घ्या, पण फास काढू नका. फास हे रूपक नाही, ती घटना आहे. ती पुन्हा काढून आपण काही नवीन म्हणत नाही, आणि ज्या घरात ती घडली तिथल्या माणसाने चित्र बघितलं तर त्याला काय वाटेल, हाही विचार करा.

कारणाकडे जा. एक दिशा सुचवतो. कांदा घेऊन बाजार समितीत गेलेल्या शेतकऱ्याच्या हातात शेवटी हिशोबाची पट्टी येते. तिच्यात हमाली, तोलाई, गाडीभाडं असं एकेक वजा होत जातं. कांदाही सोलत गेलं की पापुद्र्यामागे पापुद्रा, आणि आत काही उरत नाही. कांद्याची सुटणारी साल हीच पट्टीचा कागद झाली तर? पातळ, कुरकुरीत, कडेला किंचित वळलेली, तिच्यावर कार्बनची निळी अक्षरं. सांधा सालीत आहे. सोलणारा हात कुणाचा, हे मात्र तुम्ही ठरवा. शेतकऱ्याचा असला तर एक चित्र होतं, दुसऱ्या कुणाचा असला तर वेगळंच.

रेफरन्स फोटो, पिंटरेस्ट वापरायचे का?

वस्तू कशी दिसते हे बघण्यासाठी जरूर. एसटीच्या शेडचा पत्रा कुठे गंजतो, हे मनाने काढू नका. जाऊन फोटो काढा, जमल्यास बसून स्केच करा. पण रूपक शोधायला पिंटरेस्टवर जाऊ नका. तिथे 'स्ट्रगल' टाकलं की दुसऱ्यांनी जोडलेले सांधे मिळतात आणि एकदा पाहिलं की डोक्यातून जात नाहीत. आणि कायद्याचं लक्षात ठेवा: आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. वर्गातल्या सरावाला कुणी हरकत घेत नाही. तेच चित्र दिवाळी अंकाला किंवा स्पर्धेला पाठवलं की प्रश्न येतो.

एआयकडून कल्पना घेतली तर?

अंतिम चित्र आमच्या वर्गात हातानेच किंवा टॅबलेटवर स्वतःच काढायचं आहे, एआयने बनवलेलं स्वीकारत नाही. कल्पनेसाठी विचारायचं तर विचारून बघा. बहुधा शिडी, बल्ब आणि चक्रव्यूह मिळतील. जे सगळ्यात जास्त वेळा काढलं गेलंय तेच पुन्हा पुढे येतं. त्यामुळे ती यादी 'काय काढायचं नाही' म्हणून उपयोगी आहे. प्रक्रियेच्या वहीत तशी नोंद करा, गुण कमी होणार नाहीत.

माध्यम कोणतं, कागद केवढा?

हाफ इम्पिरियल, म्हणजे २२ बाय १५ इंच. पोस्टर कलर, जलरंग, पेन-शाई, डिजिटल, काहीही चालेल. मिलाफाचं चित्र असेल तर सांध्याच्या जागी पोत बदलू नका: अर्ध्या भागाला ड्राय ब्रश (कोरड्या कुंचल्याचे फटकारे) आणि अर्ध्याला सपाट वॉश (पातळ रंगाचा एकसारखा थर) दिला तर जोड उघडी पडते. डिजिटल करणाऱ्यांनी सुरुवातीपासून ३०० डीपीआयवर फाइल उघडा, आदल्या रात्री मोठी करू नका. माउंट पांढरा किंवा काळा. सोनेरी कड नको, कृपया.

ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर चित्र ठेवल्यावर, काय बोलायचं?

कमी. चित्र आधी बघू द्या. विचारलं तर दोनच गोष्टी सांगा: कुठलं क्रियापद घेतलं आणि सांधा कुठे आहे. 'यातून मला असं दाखवायचं आहे की' ने सुरुवात केली की परीक्षक चित्र सोडून तुमच्याकडे बघतात. वही सोबत ठेवा; टाकून दिलेल्या कल्पना का टाकल्या, हे तिच्यात लिहिलेलं असेल तर बोलण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो. पूर्ण चित्र थोडं कच्चं आणि वही भक्कम असलेल्या मुलांना चांगले गुण मिळालेले आहेत. उलट क्वचितच घडतं.

शाळेत आठवी-नववीला हे शिकवता येईल का?

येतं, आणि पुष्कळदा ती मुलं कॉलेजच्या मुलांपेक्षा मोकळी असतात. विषय मोठे देऊ नका; 'माझं दप्तर', 'आजीचा डबा', 'सोमवार सकाळ' असे द्या. 'माझं दप्तर म्हणजे...' हे वाक्य प्रत्येकाकडून पूर्ण करून घ्या आणि 'कारण' विचारा. कारणात क्रियापद आलं की तो कागद घेऊन बसू दे. एका तासात रंगकाम होणार नाही, पेन्सिल आणि एकच स्केचपेन पुरे. ओझं, दगड, गाढव हे शब्द सुरुवातीलाच फळ्यावर लिहून खोडून टाका, नाहीतर निम्म्या वर्गाची गाढवं तपासावी लागतील.